बोंडांचे काटे

तिरहास आली तेव्हा मी चहा गाळत होतो.
सायकल तिनं भिंतीला टेकवली नाही,
माझ्या अंगावरच ढकलली जवळजवळ.
"विकून टाक. येईल त्या किमतीला."

चाळीस वर्षं अस्माराच्या या बोळात
लोकांची वाकडी चाकं सरळ करतोय मी.
सायकलीवरून माणूस कळतो.
हिच्या सायकलीला तसा आजार नव्हता काही.
साखळी घासूनपुसून, गिअर लोण्यासारखे.
फक्त हँडलखालचा एक बोल्ट गंजलेला,
पावसानं नाही, घामानं.
मान खाली घालून तीन मोसम
छोट्या पडद्यावरचे आकडे बघत राहिलेल्या पोरीचा
एकाच जागी ठिबकत राहिलेला घाम.

"पाय दुखतात?"
नाही.
"कोणी बोललं काही?"
नाही.
"मग?"
"गजर झाला की रडू येतं, अबोय हब्तेआब.
लहानपणी शाळेच्या आधी पोटात दुखायचं, तसं."

यावर काय बोलणार? मी तिला चहा दिला.
पाटीवर खडूनं किंमत लिहिली,
कुणीच घेऊ नये एवढी,
आणि सायकल वर आकड्याला टांगली.

मग उगाच विचारल्यासारखं विचारलं :
बेकरीतला पोऱ्या लग्नाला केरेनला गेलाय,
आठवडाभर पाव पोचवशील?
कोपऱ्यातली काळी, लोखंडी, एका गिअरची,
माझ्या बापाच्या वयाची, वासरासारखी जड.
"सायकलच नको झालीय मला," ती म्हणाली.
म्हटलं, ही सायकल कुठाय,
ही पावाची टोपली. खाली चाकं आहेत इतकंच.

पहिल्या दिवशी आली ती रागावलेली.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी पाव उशिरा पोचले,
गिऱ्हाइकं माझ्या दारात येऊन ओरडली.
कुण्या म्हातारीनं तिला कॉफीला बसवून घेतलं होतं,
आणि तिसरा कप घेतल्याशिवाय उठायचं नसतं,
तो आशीर्वादाचा असतो, हे काय मी सांगायला हवं?
चौथ्या दिवशी तिनं घंटीसाठी तेल मागितलं.
ब्रेकसाठी नाही. घंटीसाठी.

पोऱ्या परत आला.
टोपली मात्र परत आली नाही.
रविवारी पहाटे बेकरीवाला सांगत आला,
तुझी लोखंडी सायकल नेफासितच्या रस्त्याला दिसली.

तो रस्ता मला ठाऊक आहे.
गाव संपतं आणि तो समुद्राकडे सुटतो,
वळणामागून वळण, ढग पायाखाली.
त्याच रस्त्यावर ती शर्यती धावली होती.
मागं एकदा विचारलं होतं, कसा आहे गं घाट?
तर तिनं चढाची टक्केवारी सांगितली होती.

दुपारी आली. ढकलत.
पुढचं चाक बसलेलं, केसांत धूळ,
आणि टोपलीत काठोकाठ बेलेस,
निवडुंगाची ती लालपिवळी बोंडं.
"वानरांनी सहा पळवली," म्हणाली,
"एक तर हँडलवरच येऊन बसलं!"
मग वानर कसं बसलं ते करून दाखवलं,
माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर.

"किती लांब गेलीस?"
"काय की.
एका बाईची शेळी रस्त्यावर आडवी होती,
तिथपर्यंत."

वर टांगलेल्या सायकलीकडे तिची नजर गेली.
पाटी वाचली.
"एवढी किंमत?"
"वाढवू अजून?"
ती काही बोलली नाही. मीही नाही.
गजराचं तर मी विचारलंच नाही.
उद्या सकाळी काय होईल, मला काय माहीत.

मग तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले.
दहाही बोटांत बोंडांची बारीक कुसं,
उन्हात केसांसारखी चमकणारी.
टायरमध्येही तसलाच एक, जाडजूड.
मी चिमटा शोधला, चष्मा पुसला.
"आधी बोटं की आधी चाक?"

"चाक," ती म्हणाली.