बायोडेटा, रात्री दीड

'कौशल्ये' लिहून कर्सर नुसताच लुकलुकतोय.
उडी किती उंच हवी, मला कळतं:
सतरा फ्रेम. सोळांत ती खोटी वाटते.

वेताळ टेकडी बांधली तीन महिने,
खाणीसकट.
पहिल्याच दिवशी मोर
जमिनीतून आरपार पडला
आणि पडतच राहिला.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दुसरा.
ट्रॉफीवर ढमढेरेचं ढमाले झालंय.
हे लिहू?

मेसच्या हौसामावशींना खेळायला दिलं.
त्यांनी ना नाणी वेचली, ना कुणाला मारलं.
खाणीच्या काठाशी थांबल्या.
"पाणी हलतंय की रे," म्हणाल्या,
पोळपाट तसाच पिठात.

ते हलवायला मला अकरा रात्री लागल्या होत्या.

छंद:
'पाणी' लिहिलं.
मग खोडून
वाचन, ट्रेकिंग.