तांबड्याची वाटी

चौघी जणी एका टेबलाशी.
आल्ट्येकडे निळा, हिल्लेगोंडाकडे पिवळा,
कोपऱ्यातल्या मुक्या स्वान्ट्येकडे हिरवा
आणि तांबडा माझ्याकडे.
ब्राझीलच्या लाकडाचा काढा, तुरटी घालून उकळलेला.
नखांतून तो रविवारीही निघत नसे,
चर्चमध्ये मी मुठी मिटून प्रार्थना म्हणायची.

एका कागदावर सोळा चौकटी,
कागदाची किंमत एक सेंट.
साचा ठेवायचा, बोळा फिरवायचा, साचा उचलायचा.
गेला रेषेबाहेर रंग तर जाऊ दे,
मालक ओव्हरवेख म्हणायचे,
पोरांना काय कळतंय.

वर छापलेलं असायचं: सहलीला निघालेलं कुटुंब.
म्हणे.
मला वाचता येत नव्हतं.
चित्राखालच्या जुळवलेल्या ओळी
म्हणजे मुंग्यांची रांग.
मला ठाऊक होतं ते एवढंच:
पहिल्या चौकटीत तांबडा बापाच्या बंडीला,
दुसरीत नाव सुटते, तिथे तांबडा कुठेच नाही,
पाचवीत जत्रेतल्या वॅफलवालीच्या गालांना, टप, टप,
आठवीत बर्फावर पाठ आपटलेल्या
लठ्ठ पाद्र्याच्या नाकाला.
भर उन्हाळ्यात निघालेली माणसं
आठव्या चौकटीत बर्फावर कशी पोचली,
हे विचारायचं नाही.
ठसे जुने, मालकांच्या आज्यानं लिलावात उचललेले,
जागा दिसेल तिथे बसवलेले.

असं मी जग पाहिलं, ठिपक्याठिपक्यानं.
समुद्र आल्ट्येचा.
कुरणं सगळी स्वान्ट्येची.
झांडफोर्टला चाकांच्या खोक्यातून
पाण्यात उतरणारी बाई हिल्लेगोंडाची,
तिची छत्री तेवढी माझी.

मग हार्लेमकडे कुठेतरी आगगाडी धावली
आणि गिऱ्हाइकं आगगाडी मागू लागली.
नवा ठसा कोरायचा तर पैसे पडतात.
मालकांनी पटाशी घेतली,
नावेपुढचा घोडा चौकोनी कापून काढला,
त्या भोकात धुराडं ठोकलं.
झाली आगगाडी.
माणसं तीच, त्याच बाकांवर,
मांडीवर त्याच पुरचुंड्या,
नावाडी अजून बांबू धरून उभा,
रूळ ढकलत.
एकही पोर तक्रार घेऊन आलं नाही.

घोडा शेगडीत जायचा होता.
मी तो एप्रनच्या खिशात टाकला.
काडेपेटीएवढा, मान खाली घातलेला,
गळ्याशी अर्धा इंच दोर.

आगगाडीत मी एकदाच बसले.
झुटफेनला, स्वान्ट्येच्या मयताला.
तिकीट तिच्या भावानं काढलं.
खिडकी म्हणजे चौकटच की,
पण थांबेल तर शपथ.
कुरण आलं, गेलं, पवनचक्की आली, गेली,
तांबडं कुठे आहे ते शोधेपर्यंत पुढचंच काहीतरी.
आणि सगळं इतकं हिरवं
की समोरच्या बाईनं विचारलं,
डोळ्यात कोळशाचा कण गेला का?
हो म्हटलं.

एका कालव्याकाठी खरा घोडा होता.
मागे लांबलचक दोर,
दोराच्या टोकाला नाव,
नावेतली माणसं आमच्याकडे बघत,
आम्ही त्यांच्याकडे.
हात कुणीच केला नाही.
मी खिशात चाचपलं.
ठशावर सगळं उलटं असतं,
कागदावर जो निघालेला दिसतो
तो लाकडावर परत येत असतो.
माझा घोडा डेव्हेंटरकडे तोंड करून होता.

सोमवारी टेबलाशी तिघीच.
मालकांनी हिरव्याची वाटी
काही न बोलता माझ्याकडे सरकवली.
वाटीच्या कडेला तिच्या अंगठ्याचा ठसा, वाळलेला.
मी तो पुसला नाही.
बोळा भिजवला, साचा ठेवला.
त्या दिवशी शंभराऐवजी चाळीसच कागद झाले,
मालक संध्याकाळपर्यंत ओरडत होते,
एवढा वेळ कसला लागतो गवताला?
मी एकाही चौकटीत
कुरण रेषेबाहेर जाऊ दिलं नव्हतं.