साल

सकाळी नऊला लंडनमध्ये पडदा जागा होतो.
हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे बघा,
लाल म्हणजे डोमिंगुशला फोन लावा.
बुचांचा कारखाना आम्ही एकवीस साली घेतला,
पोर्तोच्या दक्षिणेला. छप्पर पत्र्याचं,
हिशेब तीन वह्यांत आणि एका माणसाच्या डोक्यात.
पाच वर्षांत विकायचा. करारात पहिल्याच पानावर आहे,
जन्मपत्रिकेत मरणाची तारीख लिहावी तसं.

मी आकडे जोडते: वजनकाट्याचे, उकळत्या टाक्यांचे,
ट्रकच्या पावत्यांचे, परत आलेल्या बाटल्यांचेही,
ज्यांतल्या वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला.
सात महिने काही दिसलं नाही.
मग एका मंगळवारी दिसलं:
अंगणात सहा महिन्यांहून कमी वाळलेली साल
शंभरात अकरा बुचं वाया घालवते.
कुणी चोरत नव्हतं, कुणी आळशी नव्हतं.
नुसती घाई होती,
आणि घाईचं खातं कुठल्याच वहीत नसतं.

आम्ही थांबायला शिकलो. नफा चार टक्के चढला.
गुंतवणूकदारांना जेवण दिलं. त्यांत एक
शिक्षकांच्या पेन्शनचा फंड होता,
हे मुद्दाम लिहिते.

सिल्वेरियु म्हणाला, "सहा महिने?
माझा बाप हेच सांगायचा."
"मग तू का नाही सांगितलंस?"
"विचारलं कुणी?"

त्याच्यासाठी पडद्यावर रकाना नव्हता.
बूच अंगठ्याने दाबायचा, नाकाशी न्यायचा,
टाकायचा. डावीकडे किंवा उजवीकडे.
आठवडाभर मी त्याचा अंगठा मोजला.
यंत्राशी शंभरात सत्त्याण्णव वेळा जुळला.
उरलेल्या तिनांत कोण बरोबर, अजून कळलेलं नाही.

जूनमध्ये रान बघायला गेले, आलेंतेजुत.
कुऱ्हाडी चालत होत्या, झाड पडत नव्हतं.
साल सुटताना जाड कापड फाटल्याचा आवाज,
आत खोड ओलं, लालसर,
नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखं.
मागून एक पोरगा पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन
प्रत्येक खोडावर सालाचा शेवटचा आकडा काढत होता.
यंदाचा तीन.

शेजारचा उतार मात्र सगळा आठचा.
अठरा साली सोललेला.
आमच्याकडचा आठ म्हणजे दोन पोकळ मणी, एकावर एक.
पोरगा म्हणाला, "साल यायला सालं लागतात, बाई. नऊ."
कायदाही नऊच म्हणतो.
म्हणजे सत्तावीस.
आम्ही सव्वीसला विकणार.

फोनवर पाहिलं. उतार लाल होता:
उत्पन्न नाही, भाडं चालू, सोडून द्या.
चार टक्के शोधणारं तेच सूत्र, मीच लिहिलेलं.
त्याच्या लेखी ती तीनशे झाडं
पाच वर्षं नुसती उभी होती.

परत येऊन एक रकाना वाढवला.
"पुढची साल" असं नाव दिलं.
समितीत कुणीतरी विचारलं, हा सगळा रिकामा का?
म्हटलं, पुढच्या मालकाला किंमत सांगताना लागेल.
खोटं नव्हतं. माना हलल्या. भाडं भरलं गेलं.
खरं कारण कुठल्या रकान्यात घालायचं
मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी ओल्या रंगाला टेकले होते.
बाहीवर उलटा तीन उमटलाय,
दोनदा धुतला, निघत नाही.
आरशात मात्र सुलट दिसतो.