तक्रार विभाग, तिसरा मजला

जोसाया हॅदरलेनं आधी सायकलींच्या सीटा शिवल्या,
मग सायकली, मग लढाईत रुग्णवाहिका.
'चिखलात एकही रुतली नाही'
हे वाक्य दरवर्षी कंपनीच्या कॅलेंडरवर यायचं.
कॉव्हेंट्रीच्या त्या चार गल्ल्यांतली पोरं
ते परवचा म्हणावा तसं म्हणायची.

नंतर मोटारी. त्यांना पक्ष्यांची नावं:
लार्क, हेरन, कर्लू.
उडून दाखवा असं कुणी म्हटलं नव्हतं.
बाहत्तरनंतर चालणंही जड गेलं.

मी तिसऱ्या मजल्यावर. टाइपरायटर, ओल आलेली भिंत,
आणि उत्तरांचे तीन नमुने.
क : आम्हाला खेद आहे.
ख : आम्हाला खेद आहे, परंतु आपण गाडी कशी वापरता?
ग : आम्हाला आश्चर्य वाटते.
'ग' वकिलांनी लिहून दिला होता.

लडलोच्या पाद्रीबाबांचा वायपर फक्त उन्हात फिरायचा.
हलच्या मासळीवालीच्या हातात गिअरचा दांडा आला,
तिनं तो पार्सलनं परत पाठवला, सोबत पावती:
टपालखर्च तेवढा द्या.
वेल्समधले एक डॉक्टर बाळंतपणाला निघाले,
पोचले तेव्हा बाळ दूध पिऊन झोपलं होतं.
आणि गंज. तो शोरूममधूनच सोबत यायचा,
नवरीबरोबर पाठराखीण येते तसा.

लोक म्हणायचे, शुक्रवारी बनलेली गाडी घेऊ नये.
शुक्रवारी पगार, शुक्रवारी लक्ष गुत्त्याकडे.
मला पटायचं. शुक्रवारी आमच्याकडे
बाबांचं ताट झाकून ठेवलेलं असायचं.

चौऱ्याहत्तरच्या नोव्हेंबरात ग्रिम्झबीहून पत्र आलं.
कोणी श्री. अँबलर. कर्लू, हिरवी, मागचं डावं दार.
पाऊस आला की आईच्या बुटात पाणी.
सोबत फोटो: मागच्या सीटवर आई,
ताठ, टोपी घालून,
गाडीच्या आत छत्री उघडून बसलेली.

मी हसत हसत वही काढली. चॅसी क्रमांक. तारीख.
मंगळवार.
साधा मंगळवार, सकाळची पाळी.
दाराचं रबर बसवणाऱ्याचा शिक्का : एक्केचाळीस.

एक्केचाळीस आमच्या घरी खुंटीवर असायचा,
पितळी बिल्ला, बाबांच्या कोटाशेजारी.

त्या संध्याकाळी मी त्यांना बटाटे सोलताना पाहिलं.
सुरी दोनदा निसटली.
रबर खोबणीत अंगठ्यानं दाबावं लागतं,
अख्ख्या चौकटीभर, सत्तेचाळीस सेकंदांत;
फोरमन घड्याळ धरून उभा.
तेवीस वर्षं तोच अंगठा.
बोलले असते तर दुसऱ्या दिवशी हातात झाडू आला असता,
म्हणून बोलले नाहीत. आईलाही नाही.

सकाळी यंत्रात 'क' घातला. काढला.
कोऱ्या कागदावर लिहिलं :
तुमचं दार माझ्या वडिलांनी बसवलं.
त्यांचा अंगठा आता वळत नाही.
कंपनीला काय वाटतं ते मला माहीत नाही. मला वाईट वाटतं.
सही केली. हुद्दा लिहिला नाही.
पेटीत टाकताना हात जरा थांबला, खोटं का बोलू.

नोकरी गेली नाही. कंपनीच गेली, चार वर्षांनी,
पक्ष्यांसकट, कॅलेंडरासकट, नमुना 'ग' सकट.

पण त्या नाताळात ग्रिम्झबीहून कार्ड आलं होतं :
'मिस टॅपलिन, दार अजून गळतं.
आईनं गुडघ्याएवढे रबरी बूट घेतलेत.
वडिलांना कळवा, हॉर्न मात्र फार सुरेख आहे.'

मी ते बाबांना वाचून दाखवलं, सगळं,
माझ्या पत्राची गोष्टही सांगितली.
ते बराच वेळ चहा ढवळत राहिले,
साखर घालायची राहिली होती तरी.
मग म्हणाले,
हॉर्न सायरस ओकीचा.
उद्या सांगतो त्याला.