घास, साडेबेचाळीस मिलिमीटरचा

ओल्द्रिख,
तू नोव्हेंबरात गेलास
आणि पासवर्ड सांगून गेला नाहीस.

आज पहाटे यब्लोनेत्समध्ये उणे अकरा.
फाटकावर मीठ टाकणाऱ्या माणसानं विचारलं, चालू झालं का गं?
म्हटलं, हो.
तीन नंबरची प्रेस तोंड उघडून उभी होती,
शेजारी तिला भरवणारं यंत्र,
आणि पितळी पट्टीचं वेटोळं
अजून त्याच्या पट्ट्यातच आवळलेलं.

चार ओळींचा हिरवा पडदा.
खालच्या बाणाचं रबर तुझ्या अंगठ्यानं खाल्लंय.
काम नवं, बुटांची बकलं,
दर ठोक्याला एकतीस पॉइंट दोन.
लांबी बदलायला जावं, की तो विचारतो
चार आकडे.

तुझं जन्मसाल टाकलं. नाही.
दानाचं टाकलं.
तुमच्या लग्नाचं (ते मला पाठ,
त्या दिवशी केक माझ्याच हातून पडला).
मग तळ्याकाठच्या तुझ्या बागेचा नंबर.
दर चुकीला एकच बीप,
बाईंनी छडी टेबलावर टेकवावी तशी.

यिंद्रानं यंत्राच्या कंपनीला फोन लावला.
ती कंपनी आता दुसरीच्या पोटात आहे
आणि दुसरीच्या फोनवर
पियानो वाजतो.

तू शिकवलं होतंस:
फेरा तीनशेसाठ अंशांचा.
खालची निम्मी बाजू प्रेसची,
तिथे बोट नको, पट्टी नको, नवससुद्धा नको.
वरची निम्मी आपली.
तेवढ्यात रूळ फिरायचे, घास पुढे जायचा,
आणि थांबायचा.
मग ठोका पडायच्या जरा आधी
रूळ उचलायचे,
पट्टी मोकळी सोडायची.

मी घाबरले होते.
आत्ता? धरायच्या वेळीच सोडायची?
तू म्हणालास, पिन भोकात शिरते,
तीच तिला जागेवर आणते.
आपण आवळून धरली, तर भोक फाटतं.
एवढं बोललास आणि पाव खाल्लास, लसणाचा,
अख्ख्या शेडभर वास.

साडेसातला बोटं वळेनात.
तुझ्या कपाटातून वही काढली.
ग्रीसचे डाग, आकडे,
सासूच्या गोळ्यांच्या वेळा,
कुणाकडून किती कोरुना येणं.
पासवर्ड सोडून सगळं.
पहिलं पान, अठ्ठ्याण्णव साल, पहिलं काम:
दप्तराची कडी, लांबी ४२.५०.
खाली दोन रेघा ओढलेल्या.

तू एकदा म्हणाला होतास,
यंत्राला पहिला घास तेवढा आठवतो.
मला वाटलं, प्यायला आहेस.
प्यायलाच होतास.

चार. दोन. पाच. शून्य.

बीप नाही.

लांबी टाकली. वेग साठ टक्के,
तुझ्यासारखा ऐंशी नाही, मला झेपत नाही.
सोडायचा कोन पाच अंश अलीकडे घेतला,
ही पट्टी पातळ आहे, दमानं घ्यावं लागतं.
एकेक ठोका, बटण दाबून.
पहिली बारा बकलं भंगारात.
तेराव्याच्या भोकातून दिवा बघितला:
गोल.

कामांची यादी सरकवता सरकवता
नव्याण्णव नंबरवर अडखळले.
लांबी शून्य. ठोके एक.
पट्टी जागची हलवायची नाही
आणि एकदाच मारायचं.
असलं काम कुणी मागितलं होतं तुझ्याकडे?
यिंद्रा म्हणाला, पुसून टाक, जागा होईल.
म्हटलं, साठ जागा रिकाम्या आहेत,
तुझं काय अडलंय?

ऑफिसनं पासवर्ड बदलायला सांगितलंय.
बदलीन, आणि खडूनं
प्रेसच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहीन.
ओरडू देत.

काउंटर दोनशे सहावर आहे.
तीन हजार हवेत.
रूळ धरतात, नेतात, सोडतात,
पिन शिरताना बारीक टिक येतो,
तो ऐकायचा असतो, हे मात्र वहीत नाही.
डब्यात लसणाचा पाव आहे.
नऊला खाईन.