रकाना नऊ

अधिवेशन होतं तेव्हा थंडी होती.
सिव्हिल लाइन्समध्ये बांबूचे कठडे, मोर्चे,
टपरीवर पोलीस, त्यांच्या पोह्यावर लाल तर्री.
आणि आत सभागृहात कुणीतरी विचारलं,
बारा वर्षं आदिवासींचं रक्त फ्रीजमध्ये ठेवून
या लोकांनी जनतेच्या पैशाचं केलं काय?
इतिवृत्तात पुढं कंसात छापलंय: (हशा).

मी हिशेबनीस. शास्त्रज्ञ नाही.
पेशीचा विळा होतो म्हणजे काय,
हे मडावी मॅडमनी एकदा
संत्र्याच्या फोडीवरून समजावलं:
अशी वाकते, बारीक नळीत अडकते,
आणि पोर रात्रभर गुडघे धरून बसतं.
मग फोड त्यांनीच खाऊन टाकली.

डिसेंबरातला तो हशा
मार्चअखेर पत्र होऊन आला.
पुढील हप्ता स्थगित. अखर्चित रक्कम भरणा करावी.
सोबत विहित नमुना.
रकाना नऊ: फलनिष्पत्ती.
दोन बोटं रुंद.

माझ्या वहीत शिल्लक अशी:
चार हजार एकशे बारा नमुने, उणे ऐंशी अंशांवर.
बाहेर मे महिना, अधिक सेहेचाळीस.
या दोन आकड्यांच्या मध्ये
एक कॉम्प्रेसर
आणि त्याचं थकलेलं बिल.

रात्री दीडला गणवीर चौकीदाराचा फोन,
"बाबू, लाइन गेली. जनरेटर उचलून नाही राहिलं."
बुटीबोरीहून कोरडा बर्फ आणला,
स्कूटरवर, पोत्यात, वर्गणी काढून.
मॅडमच्या बोटांना फोड आले.
मी पावती मागितली. सवय.
पण वर्गणीवर दहा दिवसांचा गणपती बसतो,
बारा वर्षं बसत नाहीत.

एक कंपनीवालाही येऊन गेला.
फ्रीजर आवडला त्याला. मार्केट कुठलं, म्हणाला.
मॅडम म्हणाल्या: कोरची, धानोरा, एटापल्ली.
त्यानं चहा अर्धा ठेवला.

खरं सांगू? मलाही वाटायचं,
इतकी वर्षं, अन् औषध कुठाय?
मोठ्यानं नाही विचारलं इतकंच.

मग जुनी व्हाउचरं काढली, ऑडिटसाठी.
नमुना तीनशे सतरा, रैनू, एटापल्ली.
टाचेचं रक्त, जन्माच्या तिसऱ्या दिवशी.
त्याच रक्तानं सांगितलं म्हणून गोळ्या लवकर सुरू,
म्हणून दर तीन महिन्यांनी नागपूर,
म्हणून माझ्याकडं एसटीचं भाडं मागायला रांगेत.
पहिली पाच वर्षं एकच तिकीट, बापाचं.
खाली अंगठा.
मग दीड तिकीट.
मग अंगठ्याच्या शेजारी पेन्सिलीनं र,
पुढं कधीतरी निळ्या शाईत पूर्ण नाव,
वेलांटी चुकलेली.
आणि हे शेवटचं, एप्रिलचं,
ज्यावर मी लाल शेरा मारला होता
की रक्कम जास्त का:
मुलाला बारा पूर्ण. दोन पूर्ण तिकिटं.

जनतेचा पैसा म्हणाले ना ते.
काडीपेटी घेताना रैनूचा बापही भरतो कर.

रकाना नऊमध्ये मी लिहिलं,
एक पूर्ण तिकीट.

साहेब म्हणाले, हे काय, खोडा.
म्हटलं, शाईनं लिहिलंय साहेब,
आणि ऑडिटला खाडाखोड चालत नाही.
त्यांनी पंख्याकडं पाहिलं.
पंखा बंद होता. लाइन पुन्हा गेली होती.
मी चाव्या घेऊन खाली धावलो.