मधलं पान

झेझकाझगानच्या वाचनालयातल्या प्रतीत
एकशे दहाव्या पानावर यान बिघडायचं
आणि एकशे तेरावर सगळे चहा पीत बसलेले.
मधलं पान कुणीतरी फाडलेलं.

नऊ वर्षांच्या रौशाननं ते भरून काढलं:
बुटका यंत्रज्ञ बाहेर गेला, दोर सुटला,
आईला हाक मारली त्यानं
आणि शनीनं ओ दिली.

आता पन्नाशीत, तांब्याच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेली,
नवी कोरी प्रत उघडते.
मधल्या पानावर नुसता पाना.
झडप, वायसर, चोवीसचा नट.
बाहेर कुणी जातच नाही.

चष्मा पुसून पुन्हा वाचते.
माप बरोबर आहे,
तिचाच तर रोजचा धंदा.

किटलीतलं पाणी उकळून आटत आलेलं.
रौशान खणात
कात्री शोधते आहे.